‘हे कशावरून?’ हे विचारायला पदवी लागत नाही

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी शिरूर तालुक्यातल्या एका गावात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. वय 51. यंदा आमच्याकडच्या वसंत व्याख्यानमालेत इनामगावच्या उत्खननावर व्याख्यान झालं. माझं माहेर घोड नदीच्याच काठचं. इनामगावात नात्यातली लग्नं जेवून आलेय, पण तिथं साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं सापडली हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तेव्हापासून मिळेल ते व्याख्यान ऐकते. पण अडचणी आहेत. एका कार्यक्रमात वक्त्यांनी आमच्या भागातलं एक दगडी देऊळ ‘कार्बन डेटिंगनुसार पाच हजार वर्षांचं’ असल्याचं सांगितलं. टाळ्या पडल्या. मला पटलं नाही, पण का पटलं नाही हे सांगता येईना. घरचे म्हणतात, या वयात हे शिकून काय पुरातत्त्व खात्यात लागणार आहेस? आणि आता आमच्या गावच्या महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार निघालाय. फरशी, ऑइल पेंट, सगळं ठरलंय. आवारात कोरीव दगड पडलेत, ते नव्या सभामंडपाच्या पायात भरणार म्हणतात. हे चुकतंय एवढं कळतं. पण बोलायचं कुणी, आणि काय?
– एक वाचक, शिरूर तालुका

ताई, नमस्कार.

पाच हजार वर्षांपासून सुरुवात करू, कारण तिथं तुमचं नाक बरोबर फुरफुरलं होतं. कार्बन डेटिंग होतं ते कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूचं: कोळसा, जळके दाणे, हाड, शिंपला, लाकूड. जीव गेला की त्यातला कार्बन-14 कमी व्हायला लागतो आणि साधारण 5730 वर्षांत निम्मा होतो. किती उरला ते मोजून काळ काढतात. दगड कधी जिवंतच नव्हता. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचं वय दुसऱ्या पद्धतीनं काढलंच, तर ते साडेसहा कोटी वर्षांच्या घरात जाईल, पण ते लाव्हा थंड झाल्याचं वय, देऊळ बांधल्याचं नव्हे. शिवाय भारतात आज उभी असलेली सर्वांत जुनी दगडी बांधीव देवळं गुप्तकाळाच्या आसपासची, म्हणजे दीड हजार वर्षांची आहेत. आपल्या भागातली कोरीव देवळं बहुतेक यादवकाळातली किंवा त्याच्या थोडी आधीची निघतात. लोक सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतात, पण हे नाव ज्याच्यावरून पडलं त्या तेराव्या शतकातल्या हेमाद्रीच्या, यादवांच्या मंत्र्याच्या, जन्माआधीच त्यातली कितीतरी देवळं उभी होती.

वक्त्यांना संशयाचा फायदा द्यायचाच तर असं असू शकेल, की देवळाखालच्या थरात कोळसा सापडला आणि त्याची तारीख काढली. मग ते देवळाचं वय नाही, त्या जागेवर कधीतरी कुणीतरी चूल पेटवल्याचं वय आहे. म्हणून तिथं विचारायचं ते एवढंच: नमुना कशाचा होता? कुठल्या थरातला? कुठल्या प्रयोगशाळेनं तपासला, आणि हे छापलंय कुठं? ज्याच्याकडे उत्तर असतं तो असल्या प्रश्नानं खूश होतो. ज्याच्याकडे नसतं तो ‘आपल्या संस्कृतीवर विश्वास नाही का तुमचा?’ असं म्हणतो. दोघांतला फरक कळायला पदवी लागत नाही.

आता सवयीचं सांगतो, कारण व्याख्यानं ऐकणारे पुष्कळ असतात आणि त्यातून शिकणारे थोडे. वहीच्या दोन समोरासमोरच्या पानांवर टिपणं घ्या. डावीकडं, काय सापडलं. उजवीकडं, त्यावरून वक्ते काय म्हणाले. इनामगावच घ्या. डेक्कन कॉलेजनं तिथं 1968 ते 1983 या काळात खोदलं. सांकळिया, अन्सारी, ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांची नावं तुम्ही व्याख्यानात ऐकली असतीलच. डाव्या पानावर लिहा: शंभराहून अधिक घरांचे अवशेष. एक पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्य साठवायची इमारत. घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं. मोठ्यांचे पाय घोट्याखाली नाहीत. लहान मुलं दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. चार पाय असलेला मातीचा एक मोठा कुंभ, त्यात बसवलेला माणूस, आणि त्याचे पाय मात्र शाबूत. नदीच्या बाजूला बांध आणि पाटासारखा चर.

उजव्या पानावर: पाच खोल्यांचं घर गावच्या प्रमुखाचं असावं. धान्य त्याच्या ताब्यात, म्हणजे करासारखं काहीतरी गोळा होत असावं. पाय तोडले ते मेलेल्यानं उठून जाऊ नये म्हणून. कुंभातला माणूस मानाचा, म्हणून त्याचे पाय राखले. चर शेतीच्या पाण्यासाठी.

डावं पान बदलत नाही, फार तर नव्या उत्खननानं वाढतं. उजवं पान बदलू शकतं, बदलायलाही हवं. पाय का तोडले याचं उत्तर कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्या लोकांना लिहिताच येत नव्हतं. ‘भुतानं चालून येऊ नये’ हा चांगला तर्क आहे, मलाही तो पटतो, पण तो तर्क आहे. वरच्या थरांत, म्हणजे शेवटच्या काळात, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात, हे डावं पान. पाऊस कमी झाला, शेती बसली, माणसं गरीब झाली, हे उजवं. शिरूरच्या माणसाला दुष्काळाचं कारण चटकन पटतं, कारण तो आपण पाहिलेला असतो. नेमकं अशाच वेळी वहीत बघावं, की पुरावा किती आणि आपली ओळखीची भावना किती.

दोन-चार व्याख्यानं अशी टिपलीत की एक गंमत दिसायला लागेल. काही वक्त्यांचं डावं पान कोरं राहतं. किल्ल्यावरून थेट पुढच्या किल्ल्यापर्यंत घोडेस्वार जाईल एवढं भुयार, पांडवांनी एका रात्रीत कोरलेली लेणी, देवळाखाली पुरलेला खजिना. ही लोककथा म्हणून मोलाची आहेत, मी ती आवडीनं ऐकतो. पण कथा म्हणून सांगणारा वेगळा आणि शोध म्हणून सांगणारा वेगळा.

प्रश्न विचारायची जागा मात्र हुशारीनं निवडा. आपल्याकडच्या व्याख्यानमालेची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, वक्त्यांचा परिचय, मग अध्यक्षांचे ‘दोन शब्द’, जे दोन कधीच नसतात. वक्त्याच्या वाट्याला उरतात चाळीस मिनिटं, आणि प्रश्नोत्तरं ‘वेळेअभावी’ रद्द. खरा तास सुरू होतो त्यानंतर, चहाच्या कपाशी, वक्ते आपल्या चपला शोधत असताना. तिथं एक प्रश्न विचारा, फार तर दोन. ‘हे मला स्वतः कुठं बघता येईल?’ हा त्यातला सर्वांत कामाचा. संशोधक माणूस या प्रश्नाला हमखास विरघळतो आणि जागेचा पत्ता, संग्रहालयातलं कपाट, कधी विद्यार्थ्याचा फोन नंबरसुद्धा देऊन जातो.

ऐकायला जायचं कुठं? तुमच्या गावच्या मालेच्या मागे एक जुनी परंपरा आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला 1875 साली सुरू केली, तालुक्या-तालुक्यातल्या माला ही तिचीच लेकरं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राजवाडे आणि मेहेंदळे यांनी 1910 साली काढलेलं. तिथं संशोधन वाचून दाखवायच्या आणि त्यावर वाद घालायच्या सभांची प्रथा आहे. सुरुवातीला निम्मं डोक्यावरून जाईल, जाऊ द्या. माणसं एकमेकांचं म्हणणं कागद दाखवून खोडतात ते बघणं हेच शिक्षण. विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाची व्याख्यानं तालुक्याच्या महाविद्यालयांतही होतात, तिथं चौकशी करा. 18 एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि 19 ते 25 नोव्हेंबरचा वारसा सप्ताह हे पुरातत्त्ववाल्यांचे सणाचे दिवस, तेव्हा प्रदर्शनं आणि स्थळभेटी असतात. यूट्यूबवरही चांगली व्याख्यानं आहेत, पण तिथं चहा नसतो.

इनामगावला जायची घाई तुम्हाला झाली असणार. आधी पुण्याला येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा, फोन करून वेळ विचारून. वस्तू तिथं आहेत. मग इनामगाव. उलट केलंत तर निराश व्हाल, कारण उत्खनन झालं की खड्डे बुजवतात, तसं केलं नाही तर मातीच्या भिंती पहिल्या पावसाळ्यात वाहून जातील. तुम्हाला दिसेल नदी, शेतं आणि पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड. संग्रहालय पाहून आलेल्या माणसाला मात्र त्या टेकाडाच्या कापलेल्या कडेत राखेची काळी रेघ दिसते, जमीन सारवल्याचा थर दिसतो, खापराचा काठ दिसतो.

आणि ते खापर उचलायचं नाही. हे कडक सांगतो, कारण हौशी माणसाचा हात इथंच चुकतो. खापराला अर्थ येतो तो ते कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं यावरून. शोकेसमध्ये ठेवलं की ते फक्त फुटकं मडकं उरतं. पांढरीची माती आपल्याकडे माळवदाला आणि शेतात खत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून नेली, त्यात किती गावं गेली कोण जाणे. खरोखरच काही घबाड उघडं पडलं, तर 1878 सालचा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीतलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये ऐकून हसू येतं, पण कायदा तसाच आहे.

घरच्यांना काय सांगायचं? श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबादला 1974 साली एका शेतमजुराला झुडपाचं मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी धातूची चार शिल्पं सापडली, एकूण साठ किलोंहून अधिक वजनाची. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर सांभाळल्या. सातवाहनकाळात रोमशी व्यापार करणारं तगर ते हेच तेर, आणि तिथलं सरकारी संग्रहालय आज त्यांच्याच नावानं आहे. कोकणातली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सड्यावर ऊन डोक्यावर घेऊन, गुराख्यांना विचारत ती हुडकणारे रत्नागिरीचे हौशी लोकच होते, नोकरी-धंदा सांभाळून फिरणारे. खात्याकडं माणसं मोजकी, राज्यात गावं चाळीस हजारांच्या वर. तुमच्या गावची वेशीबाहेरची शिळा ओळखायला पुण्याहून कुणी येईल तेव्हा येईल, तुम्ही रोज तिच्यावरून जाता. हे घरच्यांना पुरेल असं नाही. नाही पुरलं तर रविवारचा स्वयंपाक लवकर उरकून निघा, किंवा त्यांनाच करायला सांगा.

आता देऊळ. हे सर्वांत अवघड, कारण समितीवर तुमचे दीर-भावकी असणार आणि वर्गणीही गोळा झालेली असणार.

पहिलं काम: देऊळ संरक्षित आहे का ते बघा. केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक असेल तर भोवतीच्या 100 मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. राज्याची यादी वेगळी असते, त्याची चौकशी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या पुणे विभागीय कार्यालयात लेखी करा. पण बहुतेक गावदेवळं दोन्ही यादींत नसतात. तिथं कायदा तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही, बोलणंच कामाला येईल.

म्हणून विरोधानं सुरुवात करू नका. ‘तुम्ही वारसा नष्ट करताय’ हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं आणि गावात भांडण लावतं. समितीची खरी तक्रार काय ते विचारा. नव्वद टक्के वेळा ती गळती असते. मग गळतीवरच बोला. या देवळांचे दगड पुष्कळदा चुन्याशिवाय, एकमेकांत अडकवून बसवलेले असतात. सांध्यात सिमेंट भरलं की पाणी अडतं, दुसरीकडून वाट काढतं, दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. जिथं जुना चुना आहे तिथं चुनाच हवा. त्यात पूर्वी गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत ते उगीच नव्हे. ऑइल पेंटनं दगडाचा ओलावा आत कोंडतो, दोन पावसाळ्यांत पोपडे येतात आणि मग दर दोन वर्षांनी वर्गणी. हे शेवटचं वाक्य समितीत नक्की बोला. तो रंग काढायला पुढं कुणी वाळूचा फवारा मारला तर नक्षीच जाते, हेही सांगा.

गळतीचं मूळ सहसा वर असतं. शिखरात उगवलेला पिंपळ किंवा उंबर, तुंबलेली पन्हळ, देवळाभोवती भरावानं वाढलेली जमीन. पिंपळ ओढून काढायचा नाही, दगड घेऊन येतो. जाणकाराकडून बुंध्याशी कापून, मूळ मारून घ्यायचा. पन्हळ मोकळी करणं आणि पाणी देवळापासून दूर नेणं यातच निम्मी गळती थांबते आणि खर्चही कमी. सभामंडप हवाच असेल तर होऊ दे, पण जुन्या भिंतीला न टेकता, चार हात सोडून, स्वतःच्या खांबांवर. फरशी बाहेर घाला, गाभाऱ्यात नको. सगळंच नाही म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, थोडं हो म्हणणाऱ्याचं ऐकतात.

ते कोरीव दगड तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलेत, पण मला त्यांची जास्त काळजी वाटते. त्यांत वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचे दगड, आहेत का ते बघा. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरं, आणि आडवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. वरती तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. कोपरात वळलेला बांगड्यांचा हात कोरलेला असेल तर सतीशिळा. गाढवाचं शिल्प आणि वर अक्षरं असतील तर थांबा, तो गधेगळ आहे, दानाचा दस्तऐवज, आणि तो तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय हलवूच नका. अक्षरं वाचता यावीत म्हणून त्यावर पीठ, खडू, तेल काही चोळायचं नाही. संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी बाजूनं तिरकी धरा, दिवसा न दिसणारी रेघ दिसते.

वीरगळ असतील तर तुमचं अर्धं काम झालं. समितीला एवढंच सांगायचं: हा माणूस या गावची गुरं राखताना नाहीतर वेस राखताना मेला असणार, म्हणून गावानं त्याचा दगड उभा केला, आणि आपण त्याला पायात गाडणार का? मी हे ऐकून गप्प झालेली समिती पाहिली आहे. लगेच ‘आमच्याच भावकीतला असणार’ असा वादही सुरू होतो, तो होऊ द्यावा, दगड वाचतो. मग हे दगड आवारात साध्या चौथऱ्यावर ओळीनं उभे करायचे, सिमेंटात गाडायचे नाहीत, शेंदूर-रंग नाही. हलवण्याआधी प्रत्येकाची जागा आणि तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहून ठेवायचं.

आणि बोलायचं कुणी, हा तुमचा प्रश्न. एकट्या तुम्ही नका. इनामगाववर बोललेल्या वक्त्यांना, किंवा ते सुचवतील त्या तरुण संशोधकाला, तुमच्या गावात बोलवा. सप्ताहात हरिपाठ झाल्यावर देवळाच्या आवारातच अर्धा तास. स्लाइड नकोत, दगड समोर आहेत. नारळ समितीच्या अध्यक्षांच्या हस्ते फोडा, आभार त्यांनाच मानू द्या, शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि मुलांना पुढं बसवा. बाहेरच्या माणसानं आपल्या देवळाचं कौतुक केलं की गावाचा सूर बदलतो, आणि त्या सुरात तुमची पन्हळीची सूचना अध्यक्षांची स्वतःची होऊन जाते. होऊ द्या.

काम सुरू व्हायला किती दिवस आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून व्याख्यानाची वाट न बघता एक गोष्ट या रविवारीच करा. मोबाइल आणि मापाची टेप घेऊन जा. प्रत्येक दगडाचा समोरून, दोन्ही बाजूंनी आणि जिथं पडलाय त्या जागेसकट फोटो, शेजारी टेप किंवा पेन ठेवून, म्हणजे आकार कळेल. देवळाच्या चारी भिंती, शिखर, गाभाऱ्याची चौकट, छताचे दगड. तारीख लिहून एक प्रत शाळेत द्या, एक ग्रामपंचायतीत, आणि एक विभागीय कार्यालयाला अर्जासोबत पाठवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.